तिळाएवढे अंतर

पानिपतावर मराठे जिंकले असते तर? हा प्रश्न आयुष्यात एकदाही ज्याच्या मनात आला नाही, असा मराठी माणूस शोधूनही सापडायचा नाही. रामनगरात मी अठ्ठावीस वर्षे मुलांना इतिहास शिकवला. दरवर्षी पानिपताचा धडा संपला की मागच्या बाकावरून हा प्रश्न हमखास यायचा आणि दरवर्षी मी एकच ठरलेले उत्तर द्यायचो : इतिहासात जर-तरला जागा नसते. मुले गप्प बसत. पण त्या उत्तराने त्यांचे समाधान होत नसे. खरे सांगायचे तर माझेही नाही.

हा प्रश्न मनावर घेऊन ज्यांनी त्याची एक नामी कथा केली, ते डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. खगोलशास्त्रज्ञ म्हणून ते जगाला ठाऊक होते. आपल्याला ते आणखी एका नात्याने जवळचे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली. आपली आद्याक्षरे त्यांनी उलटी फिरवली होती, एवढेच. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मराठी विज्ञानकथेला एक हक्काचा लेखक मिळाला. पुढे २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. त्यांच्या निधनाची बातमी ऐकली त्या रात्री मी 'गंगाधरपंतांचे पानिपत' पुन्हा काढून वाचली. तरुणपणी ती वाचून नुसतीच मौज वाटली होती. या खेपेला मात्र वाचता वाचता डोक्यात एक वेगळाच हिशेब सुरू झाला. तो इथे मांडून पाहतो.

*

कथा पुष्कळांनी वाचली असेल. एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातही ती संक्षिप्त रूपात घेतली गेली. तरी थोडक्यात सांगतो. प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे अभ्यासक. पानिपताचा निकाल वेगळा लागता तर काय झाले असते, याचा विचार करीत रस्त्याने चालले असताना एका ट्रकची त्यांना धडक बसते आणि ते जाऊन पडतात एका निराळ्याच हिंदुस्थानात. तिथे मुंबई इंग्रजांच्या ताब्यात आहे, पण बाकीचा देश नाही. चक्रावलेले पंत एशियाटिकच्या ग्रंथालयात जातात आणि स्वतःच लिहिलेल्या इतिहासाचे खंड मागवतात. पहिले चार खंड ओळखीचे निघतात. पाचव्यात पानिपत येते आणि तिथेच वाट फुटते. या जगात विश्वासरावाला लागलेली गोळी त्या जगात त्याच्या कानाला चाटून निघून गेलेली असते. अंतर तिळाएवढे. तेवढ्यावर लढाई फिरते, अब्दाली मागे हटतो, आणि कंपनी सरकारला हिंदुस्थानचे राज्य कधी मिळतच नाही. दिल्लीला नावाचा बादशहा राहतो आणि विसाव्या शतकात पेशव्यांची जागा लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी घेतात.

आपल्या जगात काय झाले ते १४ जानेवारी १७६१ या तारखेने कायमचे लिहून ठेवले आहे. दुपारपर्यंत मराठ्यांचा जोर होता. दुपारनंतर विश्वासराव गोळी लागून पडला. पोर अजून विशीतही पोचला नव्हता. ते पाहून सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरला आणि घोड्यावर बसून गर्दीत घुसला. रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला. हा धक्का नानासाहेब पेशव्यांना सोसला नाही. २३ जून १७६१ रोजी तेही गेले.

तेव्हा विश्वासराव वाचावा असे कुणाला वाटणार नाही? मलाही वाटते. पण तो वाचला तर पेशवाईची वस्त्रे कुणाला मिळतील? अर्थात त्यालाच, तो थोरला मुलगा. मग थोरल्या माधवरावाचे काय?

*

माधवराव वयाच्या सोळाव्या वर्षी पेशवा झाला तो विश्वासरावाच्या मृत्यूमुळे. भाऊ गेला, चुलता गेला, पाठोपाठ वडील गेले, खजिना रिकामा, घरात रघुनाथरावासारखा काका आणि दाराशी निजाम. या मुलाने १७६३ साली राक्षसभुवनावर निजामाला नमवले. १७६४-६५ च्या मोहिमेत तो हैदरावर चालून आला तो आपल्याच मुलखात. धारवाड त्याने तेव्हाच घेतले. रामशास्त्र्यांसारख्या न्यायाधीशाचा कडवटपणा त्याने ऐकून घेतला. आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला, ऐन सत्ताविसाव्या वर्षी, क्षयाने तो गेला. पानिपताच्या रणभूमीनेही मराठ्यांची जेवढी हानी केली नाही तेवढी या एका तरुणाच्या अकाली मृत्यूने केली, अशा अर्थाचे मत ग्रँट डफ या स्कॉटिश इतिहासकाराने १८२६ साली आपल्या ग्रंथात नोंदवले. रणजित देसायांच्या 'स्वामी'ने १९६२ साली या माधवरावाला घराघरांत नेले. आजही थेऊरला गेलेला माणूस गणपतीच्या आधी त्याची आठवण काढतो.

म्हणजे विश्वासरावाला वाचवायचे तर हा माधवराव पुसावा लागतो. एक धाकटा भाऊ राहील, नाव माधवरावच असेल. पण सोळाव्या वर्षी ज्याच्या खांद्यावर डोंगर कोसळला आणि जो त्याखालून उभा राहिला, तो माधवराव राहणार नाही. ज्या दुःखाने तो घडला तेच आपण काढून घेतलेले असेल.

नारळीकरांना हे कळत नव्हते असे नाही. त्यांच्या कथेत विश्वासराव आणि माधवराव दोघे भाऊ मिळून राज्य वाढवतात, आणि दादासाहेब राजकारणातून बाजूला पडतात. म्हणजे लेखकाने माधवरावाला जपून ठेवले आणि राघोबाला बिनविषारी केले. वाचताना बरे वाटते. तरीही मला वाटते, गंगाधरपंतांनी त्या पाचव्या खंडात माधवरावाचे पान नीट वाचले असते तर त्यांना तो ओळखता आला नसता.

*

भूतकाळात हात घालावा की नाही, हा पेच पाश्चात्त्य विज्ञानकथेने पुष्कळ चघळला आहे. एच. जी. वेल्सचे 'कालयंत्र' १८९५ साली आले, पण त्याचा प्रवासी निघाला तो भविष्याकडे. खरी नीतीची अडचण मागे जाण्यात आहे. रे ब्रॅडबरीच्या १९५२ सालच्या एका कथेत पैसेवाले शिकारी प्राचीन काळात जाऊन डायनोसॉर मारतात. शिकार नेणारी कंपनी खबरदारी म्हणून असाच प्राणी निवडते, जो पुढच्या क्षणी आपसूक मरणारच होता. तरी एकाचा पाय वाटेवरून घसरतो आणि एक फुलपाखरू चिरडते. परत येऊन पाहतात तो भाषेचे शुद्धलेखन बदललेले आणि निवडणुकीचा निकालही बदललेला.

दुसरे उदाहरण दूरदर्शन मालिकेतले. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेचा ६ एप्रिल १९६७ रोजी दाखवलेला एक भाग अजूनही तिच्या उत्तम भागांत गणला जातो. नायक कॅप्टन कर्क १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्ये जाऊन पोचतो. मंदीचे दिवस. तिथे एडिथ कीलर नावाची बाई उपाशी लोकांना जेवू घालते. कर्कचे तिच्यावर मन जडते, पाहणाऱ्याचेही जडते. आणि मग कळते, की ही बाई रस्त्यावरच्या अपघातात मेली पाहिजे. ती जगली तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरेल आणि हिटलर जिंकेल. शेवटी मोटार अंगावर येते, कर्कचा मित्र डॉक्टर तिला वाचवायला धावतो, आणि कर्क त्याला मिठी मारून अडवून धरतो. बाई मरते.

तिसरे उदाहरण आयझॅक असिमॉव्हच्या १९५५ सालच्या 'द एंड ऑफ इटर्निटी' या कादंबरीचे. त्यात काळाच्या बाहेर बसलेली एक संस्था आहे. माणसाचे भले व्हावे म्हणून तिचे तंत्रज्ञ निरनिराळ्या शतकांत शिरून लहानसा फेरफार करतात. एखादी वस्तू या फळीवरून त्या फळीवर ठेवायची, एवढेच. त्याने युद्ध टळते, आणि कितीतरी माणसे मुळात जन्मालाच न आल्यासारखी होतात. किती जण पुसले जातील याचा हिशेब आधी मांडलेला असतो आणि तो नेहमी बरोबर असतो. नायक हे काम बिनतक्रार करतो. एक दिवस पुसल्या जाणाऱ्यांत त्याच्या आवडत्या स्त्रीचे नाव येण्याची वेळ येते, आणि मग मात्र तो बंड करतो.

या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या तर एक फरक उघड दिसतो. कर्कने एडिथला मरू दिले तरी आपल्याला त्याचा राग येत नाही, कारण त्या मरणाची किंमत त्याने स्वतःच्या काळजातून मोजली. असिमॉव्हच्या तंत्रज्ञांचा राग येतो, कारण त्यांचे स्वतःचे काहीच जात नव्हते. ब्रॅडबरीच्या कंपनीला तर तिकिटाचे पैसेच मिळत होते. पुष्कळांच्या भल्यासाठी थोड्यांनी जावे, हा हिशेब चूक की बरोबर ते पुढचे. आधी विचारायचे ते हे, की हिशेब मांडणाऱ्याचे त्यात काय आहे?

*

आवडते माणूस गेले की लोक ते मान्य करीत नाहीत, मग ते माणूस पुस्तकातले का असेना. कॉनन डॉइलने डिसेंबर १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्याच्या कड्यावरून नाहीसे केले. वाचकांनी त्याला सुखाने बसू दिले नाही, आणि १९०३ साली होम्स जिवंत परत आला.

आपल्याकडे हे नाटक खऱ्या इतिहासात घडले. भाऊसाहेब पानिपतावर पडले. पण देहाची ओळख सर्वांना पटेल अशी झाली नाही, म्हणून महाराष्ट्राने त्यांना मनातून मरू दिले नाही. ते कुठेतरी आहेत, येतील, असे लोक म्हणत राहिले. आणि एक माणूस आलाही. तोतया म्हणून त्याला रत्नागिरीच्या तुरुंगात ठेवले होते. १७७६ साली तो सुटला, कोकणातले किल्ले भराभर त्याच्या हाती गेले, हजारो माणसे त्याच्यामागे उभी राहिली. त्याच वर्षअखेर पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी पुढे 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले ते याच प्रकरणावर. त्या हजारो लोकांना आपण वेडे म्हणतो. पण त्यांना भाऊ परत हवा होता, आणि त्यासाठी ते खोटा भाऊही खरा मानायला तयार होते. विश्वासरावाच्या कानाजवळून गोळी जावी असे वाटणारे आपण त्यांच्यापेक्षा फारसे वेगळे नाही.

वेगळी होती ती पार्वतीबाई. भाऊंची पत्नी. ती स्वतः पानिपताच्या मोहिमेत होती, तिथून जीव वाचवून आली. तिने वैधव्य कधी स्वीकारले नाही. १७८३ साली तिचा अंत झाला. तोवर बावीस वर्षे ती कुंकू लावून राहिली. तिने कुणावर फौज धाडली नाही, गेलेला काळ उलटवायला पाहिला नाही. जे तिचे होते ते तिने 'होते' म्हणायला नकार दिला, एवढेच.

*

आता मी रामनगरात बसून हे का लिहितो आहे ते सांगायला हवे.

बेळगावहून लोंढ्यावरून अनमोड घाटाने गोव्याला जाणारा प्रवासी रामनगरात चहाला थांबतो आणि पुढे जातो. हे गाव जुने नाही, हे त्याला ठाऊक नसते. इथली कितीतरी घरे सुप्याची आणि आसपासच्या खेड्यांची आहेत. काळी नदीवर गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले. ते १९८७ साली पूर्ण झाले, आणि सुपे, जे एके काळी तालुक्याचे ठाणे होते, ते पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी जोयड्याला गेली, नावही जोयडा झाले. धरणाच्या पायथ्याशी १०० मेगावॅट वीज होते. तेच पाणी खाली नागझरी, कोडसळ्ळी, कद्रा इथे पुन्हा पुन्हा चक्रे फिरवते. या विजेने राज्यातली कितीतरी घरे उजळली, हे मी नाकारत नाही. मी जे हे लिहितो आहे, तो दिवाही तिच्यावरच जळतो.

माझा जन्म सुप्याचा. उठलो तेव्हा मी कॉलेजच्या वयाचा होतो. पुढे मला जी बायको मिळाली ती बुडालेल्या दुसऱ्या एका खेड्यातली. आमच्या दोन्ही घरांना रामनगरात जे भूखंड मिळाले ते एकाच ओळीत, मध्ये एक घर सोडून. धरण झाले नसते तर तिचे गाव आणि आमचे गाव यांच्यात जंगल होते आणि पावसाळ्यात न उतरता येणारा ओढा होता. आमची सोयरीक होण्याचे काही कारण नव्हते. आम्हाला एक मुलगी आहे.

नारळीकर गेले त्या आठवड्यात मी आईला गंगाधरपंतांची गोष्ट सांगितली. ती आता नव्वदीच्या घरात आहे. तिला पानिपत माहीत होते, अब्दालीही माहीत होता. गोष्ट संपल्यावर मी सहज म्हणालो, "आई, असं एक यंत्र मिळालं आणि धरण होण्याआधी जाता आलं, तर आपण सुपं वाचवू या का?" तिने वाती वळता वळता थोडा विचार केला आणि म्हणाली, "घर येईल रे मागारी. पण मग ही पोर कुठं ठेवायची?"

इतकी वर्षे इतिहास शिकवून मला जे नेमके सांगता आले नव्हते ते तिने एका वाक्यात सांगितले. विश्वासराव आणि माधवराव हे तिच्या घरातलेच प्रकरण होते. सुपे हवे तर नात जाते. नात हवी तर सुपे बुडू द्यावे लागते. आणि त्यातले एक निवडण्याचा अधिकार तिला स्वतःला हवासा वाटत नव्हता.

मग धरण बरोबरच होते म्हणायचे का? पुष्कळ जण इथे येऊन थांबतात : झाले ते चांगल्यासाठीच झाले, बघा, तुम्हाला मुलगीसुद्धा त्यामुळेच मिळाली. हे मला मान्य नाही. मुलगी मिळाली हा धरणाचा हेतू नव्हता. गेलेल्या गोष्टीतून जे जिवंत उगवले ते पुसण्याचा हक्क आपल्याला नाही, म्हणून आपण मागे जायचे नाही. पण यावरून असे होत नाही की जे मागे घडवले गेले ते घडवणाऱ्यांना हिशेब विचारायचा नाही. माधवराव थोर निघाला म्हणून विश्वासरावाला लागलेली गोळी काही शहाणी ठरत नाही. कागदावर ज्यांनी गावे बुडवली त्यांच्यापैकी कुणाच्या ओसरीवर पाणी चढले नव्हते. कर्कसारखे स्वतःचे काळीज तिथे कुणी ठेवले नव्हते. पुढे जिथे जिथे पुष्कळांसाठी थोड्यांना उठवायचे ठरेल, तिथे हा प्रश्न आधी विचारायला हवा. तो काळ अजून आपल्या हातात आहे. त्यासाठी यंत्र लागत नाही.

*

नारळीकरांच्या कथेतली एक गोष्ट मी पूर्वी नीट पाहिलीच नव्हती. गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगात जातात, पण तिथले काही बदलत नाहीत. ते पाहतात, वाचतात, आझाद मैदानावर पानिपताच्या व्याख्यानाच्या सभेत रिकामी दिसलेली अध्यक्षाची खुर्ची सवयीने पटकावतात आणि लोकांचा मार खातात. परत येतात तेव्हा त्यांच्याजवळ तिथल्या बखरीचे एक फाटके पान तेवढे असते. त्या पानावर विश्वासराव वाचल्याची हकीकत असते. त्यांच्या मित्राला, राजेंद्र देशपांड्याला, तो पुरावा म्हणून पुरतो. दुसरे जग खरे होते. ते आपल्याला मिळाले नाही, एवढेच.

आई आजही "आमचं सुपं होतं" असे म्हणत नाही. "आमच्या सुप्याला अमुक आहे, तमुक आहे" असेच म्हणते. शाळेत मी मुलांच्या काळाच्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त करीत असे. तिची ही चूक दुरुस्त करावी असे मला कधी वाटले नाही.

गेल्या दिवाळीत मुलगी आली होती. सुपे तिने कधी पाहिलेले नाही. तिच्या जन्माआधीच ते पाण्यात गेले. तिने एक चौकटीची वही आणली आणि आजी सांगेल तसा गावाचा नकाशा काढायला घेतला. आजी डोळे मिटून चालत जाते आणि नात मागून रेघ ओढते. कधी कधी दोघींचे भांडण होते, कारण एकच घर आजी दोनदा दोन ठिकाणी सांगते. दर सुट्टीला थोडा थोडा नकाशा पुढे सरकतो. बाजारपेठ झाली आहे. नदीकाठ अजून राहिला आहे.